डॉक्टरांची चिठ्ठी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझा आवाज बसला. कारकुनाचा आवाज बसला तर कचेरीचे फारसे अडत नाही. पण मराठीचा प्राध्यापक म्हणजे चालताबोलता घसाच! पहिला आठवडा हळद-दुधात गेला, दुसरा ज्येष्ठमधात. मग आमच्या घरच्या डॉक्टरांच्या गोळ्या आणि गुळण्या झाल्या. तीन आठवडे उलटले तरी वर्गात मागच्या बाकांपर्यंत माझे शब्द पोचेनात. तेव्हा डॉक्टरांनी चार ओळी लिहून चिठ्ठी हाती दिली. म्हणाले, "सर, मिरजेला जा. दुर्बिणीने घसा पाहायला हवा. इतके दिवस बसलेला आवाज नुसत्या गोळ्यांवर ठेवू नये."

'दुर्बीण' ऐकताच मनात जे आले ते मी बोललो नाही. घरीही ते आले असावे, कारण त्या संध्याकाळी सौभाग्यवतींनी चहात दोनदा साखर घातली.

भीतीच्या पाठोपाठ संशय आला. आमच्याच गावात, ऐन बाजारपेठेत, कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांचा नवा दवाखाना असताना मला एस.टी.ने मिरजेला का धाडावे? शेजारचे वकील हसले. "अहो सर, एवढे शिकलात आणि 'कट' ठाऊक नाही?"

कट म्हणजे काय ते वाचकांना सांगायला नकोच. ज्याने रोगी पाठवला त्याला तज्ज्ञाने आपल्या बिलातून वाटा पोचवायचा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ सालच्या नियमांनी असे कमिशन देणे आणि घेणे, दोन्ही निषिद्ध ठरवले. २०१७ साली राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि कट रोखण्याच्या कायद्याचा मसुदा करविला. त्याच वर्षी मुंबईतल्या एका इस्पितळाने आपण डॉक्टरांना कमिशन देत नाही असे फलक रस्त्यावर लावले, तर डॉक्टरांच्या संघटनेलाच त्याचा राग आला! एवढे सगळे आठवत मी एस.टी.त बसलो आणि चिठ्ठी उघडून वाचली.

वय, व्यवसाय, किती दिवस त्रास, तंबाखूचे व्यसन नाही, कोणती औषधे दिली. आणि शेवटी एक प्रश्न : गाठ असल्यास कशाची, आणि तिला हात लावण्याची गरज आहे काय? बारा वर्षे मी मुलांना मुद्देसूद लिहायला शिकवतो आहे. असा कागद क्वचितच हाती येतो.

तंबोऱ्यांच्या त्या गावी माझाही आवाज तपासला गेला. स्वरतंतूंवर, ओरडून शिकवणाऱ्यांना होतात तशा, दोन बारीक गाठी निघाल्या. कर्करोग नव्हे. शस्त्रक्रियेची जरुरी नाही. विश्रांती, पाणी आणि आवाजाचे व्यायाम. तज्ज्ञांनी आमच्या डॉक्टरांना उत्तरही लिहून दिले.

ते द्यायला गेलो तेव्हा माझ्याने राहवले नाही. मनातला संशय बोलून टाकला. डॉक्टर रागावले नाहीत.

"दिवाळीला मिठाईबरोबर पाकिटे येतात, सर. मी परत करतो. पण पाकीट न घेणारा मोकळा असतो असे समजू नका. कोणाच्या खिशात किती पैसे आहेत, सोबत जायला माणूस आहे का, हे पाहूनच मी नाव लिहितो. कधी नातेवाईक म्हणतात, मोठ्या इस्पितळातच पाठवा. मी नको म्हटले आणि उद्या बरेवाईट झाले, तर दवाखान्याच्या काचा फुटायच्या. मग गरज नसताही चिठ्ठी देतो. तुम्हाला मिरजेला पाठवले, कारण ते गृहस्थ उगाच चाकू काढत नाहीत आणि उत्तर लिहितात."

"आणि बाजारपेठेतले?"

डॉक्टर जरा थांबले. "कदाचित अधिक हुशारही असतील. पण मी त्यांच्याकडे कधी कोणाला पाठवलेच नाही. मला कळणार कसे? वीस वर्षांची सवय आहे, सर. तिच्यापायी तुम्हाला एस.टी.चे हिसके बसले."

वाचकहो, पैशाचा मोह निंद्य खराच, आणि त्याला कायदा हवाच. पण ओळख, भीती आणि सवय यांना कोणता कायदा आवरणार? तिथे रोग्यानेच तोंड उघडले पाहिजे. यांच्याकडेच का? चिठ्ठीत कोणता प्रश्न लिहिलात? हा खर्च झेपला नाही तर दुसरी वाट कोणती? चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी दुखावत नाही, हे मी बसक्या आवाजात विचारून पाहिले आहे.

परवा फराळाचे घेऊन त्यांच्याकडे गेलो. आवाज आता बराच सुटला आहे. टेबलावर एक कागद होता, बाजारपेठेतल्या दवाखान्याचा.

"पहिलाच रोगी पाठवला," डॉक्टर म्हणाले. "दुसऱ्या दिवशी उत्तर आले."