व्हिस्की-आस्वादाची घरगुती बैठक

टिळकनगर, प्रवरानगर या नावांशी उसाच्या मळीपासून मद्यार्क गाळण्याचा उद्योग ज्या जिल्ह्यात निगडित आहे, तेथील रसिकांनी मळीचा मद्यार्क मिसळलेली भारतीय व्हिस्की आणि केवळ धान्यापासून गाळून किमान ३ वर्षे ओकच्या पिंपात मुरवलेली स्कॉच शेजारी ठेवून चाखावी, हाच माझ्या मते उत्तम आरंभ होय. तोंडाशी निमुळत्या पेल्यात १५ मिलिलिटरच ओतून प्रथम नुसता गंध घ्यावा, मग साध्या पाण्याचे दोन-चार थेंब टाकताच दडलेला सुवास कसा मोकळा होतो ते पाहावे. बर्फ नको, थंडाव्याने गंध मिटतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये प्रत्येक सभासदापाशी मद्यसेवनाचा परवाना हवा, वयाची २५ वर्षे पूर्ण हवीत. बाटलीचा खर्च समान वर्गणीतून भागवावा, पेल्यामागे दाम कदापि घेऊ नये.