जुना ई-रीडर बदलताय? आधी एवढं बघा

पुणे : शनिवार पेठेला लागूनच अप्पा बळवंत चौक. स्पर्धा परीक्षेसाठी खोली करून राहिलेली खेड्यापाड्यातली पोरं याच भागात पुस्तकं शोधत फिरतात. त्यातल्या काहींच्या बॅगेत जुना किंडल असतो. त्याची बॅटरी दमली, पान उलटायला वेळ लागायला लागला, की गावाकडं फोन जातो, 'नवीन घेऊ का?'

घ्यायचा तर साधं मॉडेलही पुरतं. २०१९ च्या आधी किंडलच्या साध्या मॉडेलला स्वतःचा उजेड नव्हता, लाइट गेली की वाचन बंद. २०१९ ला दिवा आला, पण पडद्यावर इंचाला १६७ च ठिपके होते. २०२२ च्या साध्या मॉडेलला ते ३०० झाले. मराठी वाचणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो, कारण जोडाक्षरं आणि रफार बारीक अक्षरातही नीट दिसतात. जागा १६ जीबी आणि चार्जिंगला मोबाइलचीच टाइप-सी वायर चालते. बाकी शाईचा पडदा तोच. पान उलटतानाच वीज खातो, म्हणून चार्जिंग आठवडेच्या आठवडे टिकतं.

आता पुस्तकांचं काय? विकत घेतलेली पुस्तकं खात्यावर असतात. नव्या मशीनवर तेच खातं टाकलं की ती परत उतरवता येतात, पैसे पुन्हा लागत नाहीत. पण वायरने भरलेल्या फायली फक्त जुन्या मशीनमध्येच असतात. त्या आधी कॉम्प्युटरवर काढून घ्या. हे राहिलं तर नोट्स गेल्याच म्हणून समजा. शिवाय अ‍ॅमेझॉनने फेब्रुवारी २०२५ पासून विकत घेतलेलं पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून वायरने भरायची सोय बंद केली आहे. म्हणजे वायफाय लागणारच.

जुनं मशीन कुणाला देण्याआधी नोंदणी रद्द करून रीसेट मारा, नाहीतर तुमचं खातं दुसऱ्याच्या हातात जाईल. सेकंडहँड घेणाऱ्याने तर विकणाऱ्याच्या समोरच आपलं खातं टाकून बघावं. चोरीची तक्रार असलेलं मशीन नोंदणी घेत नाही, आणि मग ते काय कामाचं?

आणखी एक. एका कंपनीच्या अ‍ॅपवर घेतलेलं ई-पुस्तक दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर सहसा उघडत नाही. आपली मराठी पुस्तकं कुठं घेतलीत ते आधी पाहा. किंडलवर मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ पासून मिळतात.

नुसत्या क्लासच्या पीडीएफ नोट्ससाठी मात्र सहा इंचाचा ई-रीडर घेऊ नये. ए-फोर पान त्यावर मुंगीएवढं दिसतं, आणि मोठं केलं की सारखं सरकवत बसावं लागतं. त्यापेक्षा चौकातून झेरॉक्स काढलेली बरी.

गावात वायफाय नसेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट चालतो. जुन्या मशीनला तो दिसत नसेल, तर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ५ च्या जागी २.४ गिगाहर्ट्झ करून बघा.