‘विकत घेणे’ या क्रियापदाचा अर्थ आणि व्हिडिओ गेमची मालकी

कायदेमंडळाने एखाद्या क्रियापदाच्या वापरावर निर्बंध घालावा, असा प्रसंग विरळाच म्हटला पाहिजे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तो घडला. १ जानेवारी २०२५ पासून तेथे अंमलात आलेल्या कायद्यान्वये, ग्राहकास केवळ परवाना मिळत आहे असे स्पष्टपणे सांगितल्यावाचून, डिजिटल वस्तूंच्या विक्रेत्यास ‘बाय’ किंवा ‘पर्चेस’ हे शब्द योजता येत नाहीत. व्हिडिओ गेम विकणाऱ्या ‘स्टीम’ या मोठ्या मंचाने तर ऑक्टोबर २०२४ मध्येच पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना दिली. भाषेच्या अभ्यासकाने या घटनेकडे लक्ष दिले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

‘विकत घेणे’ या क्रियापदाच्या अर्थाचे पृथक्करण केल्यास तीन घटक हाती लागतात : मोल देणे, वस्तूचा ताबा येणे, आणि तिची विल्हेवाट लावण्याचा अधिकार मिळणे. यांपैकी तिसरा घटक निर्णायक होय. कारण पहिले दोन भाड्याच्या व्यवहारातही आढळतात. कायद्याची भूमिका पूर्वापार अशीच आहे. आपल्याकडील १९३० च्या मालविक्री अधिनियमात मोबदला घेऊन मालावरील स्वामित्व संक्रमित करणे, यालाच विक्री म्हटले आहे. एका अमेरिकन प्रकाशकाने आपली कादंबरी एका डॉलरहून कमी किमतीस विकू नये अशी सूचना पुस्तकात छापली होती; परंतु प्रत एकदा विकल्यावर तिच्या पुनर्विक्रीवर प्रकाशकाचा असा अधिकार उरत नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्ये दिला. गेमची कॅसेट किंवा तबकडी मित्रास उसनी देण्याची वा जुन्या बाजारात विकण्याची वहिवाट याच तत्त्वास धरून होती.

ज्यास ‘डिजिटल राइट्स मॅनेजमेंट’ म्हणतात, त्या व्यवस्थेने या वहिवाटीस छेद दिला. तिचे कार्य थोडक्यात असे : गेमची संगणकीय प्रत कुलूपबंद असते, कंपनीच्या सर्व्हरने ग्राहकाचे खाते पडताळून पाहिल्यावरच कुलूप उघडते. काही गेममध्ये ही पडताळणी एकदाच होते, तर काहींत खेळताना अखंड जोडणी लागते. असे कुलूप फोडणे अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने निषिद्ध ठरले. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट अधिनियमात ६५अ हे कलम आले, मात्र त्यात हक्कभंगाचा उद्देश असणे आवश्यक मानले आहे.

येथे व्याकरणाचा एक मुद्दा उपस्थित होतो. ‘हक्क-व्यवस्थापन’ हा षष्ठी तत्पुरुष समास आहे : हक्कांचे व्यवस्थापन. पण हक्क कोणाचे? समासात ते सांगितलेले नाही. ऐकणाऱ्यास ते आपले वाटण्याचा संभव असतो. वस्तुतः ते विक्रेत्याचे असतात.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे, हे ‘द क्रू’ या गेमच्या उदाहरणावरून दिसेल. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला हा मोटारशर्यतीचा गेम एकट्याने खेळावयाचा असला, तरी त्यास सर्व्हरशी जोडणी लागे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि पूर्ण मोल दिलेल्यांच्या घरातील तबकड्याही निरुपयोगी ठरल्या. ताबा होता, उपभोग मात्र संपला. त्यानंतर उभ्या राहिलेल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ या चळवळीच्या युरोपीय नागरिक-अर्जावर २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या.

कंपन्यांची बाजूही विचारात घेतली पाहिजे. सर्व्हर चालविण्यास सतत खर्च येतो, आणि बेकायदा प्रतींमुळे होणारे नुकसान काल्पनिक नाही. मर्यादित मुदतीचा परवाना देणे यात स्वतः काही गैरही नाही. गैर आहे ते परवान्यास खरेदीचे नाव देणे. शिवाय दुसरा मार्ग अशक्य नाही : ‘जीओजी’ हा मंच २००८ पासून असे कुलूप नसलेले गेम विकत आला आहे. कायमची उतरवून घेता येणारी व जोडणीविना वापरता येणारी प्रत कॅलिफोर्नियाच्या निर्बंधातूनही वगळलेली आहे.

तथापि त्या कायद्याची मर्यादा उघड आहे. तो शब्द सुधारतो, वस्तुस्थिती नव्हे. सूचना दिली की सर्व्हर पूर्वीप्रमाणेच बंद करता येतो. तरीही शब्दाची सुधारणा क्षुल्लक मानू नये. जमिनीच्या व्यवहारात मराठीने खरेदीखत, भाडेपट्टा, गहाणखत, कुळवहिवाट, भोगवटा असे काटेकोर भेद पिढ्यानुपिढ्या सांभाळले आहेत. भाडेपट्ट्यास खरेदीखत म्हणणाऱ्यास आपण फसवा म्हणू. डिजिटल व्यवहारात मात्र ‘बाय’ या बटणाचे भाषांतर आपण विचार न करता ‘खरेदी करा’ असे करतो. जेथे केवळ परवाना मिळतो, तेथे ‘वापरहक्क घ्या’ असे म्हणावयास काय हरकत आहे? परिभाषा घडविण्याचे काम आपल्यासारख्या विभागांकडे येते, तेव्हा प्रतिशब्द सुबोध आहे की नाही याबरोबरच तो खरा आहे की नाही, हेही पाहणे आपले कर्तव्य ठरते.