जुनी जीप, लबाड बिघाड आणि बुधवार पेठेतला मीटर

पार बंद पडलेली गाडी परवडली, पण कधी चालणारी आणि कधी रुसणारी गाडी नको. सकाळी एका सेल्फला चालू होणारी जीप रात्री नेमकी आजारी माणसाला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायच्या वेळी ‘कट्’ असा आवाज करून गप्प बसते. चौघे धक्का मारतात, गाडी निघते. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे नेली की तिथे मात्र शहाण्या लेकरासारखी वागते. मिस्त्री बिचारा अंदाजाने बोलतो, “बॅटरी गेलीया.” नवी बॅटरी बसते, काही हजार रुपये जातात आणि पंधरा दिवसांनी पुन्हा ‘कट्’. मग सेल्फ उघडा, मग डायनामो बांधून आणा. गाडीच्या किमतीएवढा खर्च होतो, अन् दुखणं जिथल्या तिथं!

महिंद्राने १९४७ साली मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. तेव्हापासूनच्या कितीतरी जीप, आणि कुर्ल्याला बनलेल्या फियाट-पद्मिनी, आजही वाड्यांच्या पडवीत दिसतात. या गाड्यांत कॉम्प्युटर नाही, त्यामुळे विजेचा बिघाड घरच्या घरी सापडतो. अट एकच. भाग बदलायच्या आधी मोजायचे, आणि तेही बिघाड हजर असताना.

मोजायला मीटर लागतो. पुण्याला कोर्टाच्या किंवा बाजाराच्या कामाने जाणे झालेच तर बुधवार पेठेत एक चक्कर टाका. दगडूशेठ गणपतीचे दर्शन घेतले की तपकीर गल्ली जवळच आहे. वायर, होल्डर, मीटर अशा विजेच्या मालाचा हा जुना बाजार. (गाडीचे सुटे भाग इथे शोधू नका, त्यासाठी नाना पेठ.) स्वतःची गाडी आत घालू नका, गल्लीत सायकल लावायची पंचाईत. स्वारगेटहून मंडईपर्यंत २०२४ पासून भुयारी मेट्रो आहे. एक साधा डिजिटल मल्टीमीटर, १२ व्होल्टचा ५ वॅटचा बल्ब होल्डरसकट, छोटा फ्यूज होल्डर, काही मीटर वायर आणि तांब्याचे थिंबल घ्या. वायर घेताना दुकानदाराला “गाडीसाठी पाहिजे” असे सांगा आणि बारीक तारांची, लवचीक वायरच घ्या. घराच्या फिटिंगची जाड एकेरी तार गाडीत हादऱ्यांनी तुटते.

आता मीटरला २० व्होल्ट डीसीवर ठेवा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उपाशी. इंजिन जोरात चालू असताना १३.८ ते १४.४ दिसले म्हणजे चार्जिंग ठीक. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बघा, तो बॅटरीचे पाणी उकळून घालवतो. जुना डायनामो असेल तर इंजिन हळू चालताना तो चार्ज करत नाही, हा बिघाड नव्हे, त्याची जातच तशी. हेडलाइट लावून तासभर सावकाश गाडी चालवली की बॅटरी उतरणारच.

पण खरी मेख पुढे आहे. विहिरीवरच्या पाइपाचा कॉक बंद असला की अर्धा चोंदलेला पाइपही प्रेशर पूर्ण दाखवतो; कॉक उघडला की धार बारीक होते. विजेचे तसेच आहे. वायरीतल्या सगळ्या तारा तुटून एकच शिल्लक राहिली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवील, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. सेल्फ मात्र शंभर-दीडशे अँपिअर मागतो. सांध्यावर गंजाचा एक शतांश ओहम अडथळा असला तरी दीडशे अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच जातात. म्हणून भार असताना मोजायचे.

कसे ते सांगतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. पेट्रोल गाडी असेल तर कॉइलची मधली जाड वायर काढून इंजिनाला टेकवून घट्ट ठेवा, डिझेल असेल तर स्टॉप ओढून धरा. म्हणजे इंजिन फिरेल, चालू होणार नाही. मीटरचे एक टोक बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खांबावर (क्लँपवर नव्हे), दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा पाव व्होल्टच्या आत हवा. अर्ध्याच्या वर गेला तर बॅटरी निर्दोष आहे, अर्थिंग चोर आहे. इंजिन रबरावर बसलेले असते, त्याला चासीशी जोडणारी तांब्याची पट्टी सडते किंवा रंगाच्या थरावर कसली जाते. पट्टी सोडा, लोखंड चकचकीत घासा, कसा, वरून ग्रीस लावा. प्लसच्या बाजूलाही बॅटरीपासून सेल्फपर्यंत असेच मोजा.

काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्लसला अर्थ असतो, हे आधी बघून घ्या. जी बाजू अर्थला असेल ती वायर काढताना पहिली आणि बसवताना शेवटची.

चालता चालता आचके देणाऱ्या पेट्रोल गाडीसाठी मीटर हातात धरून उपयोग नाही. तिथे साक्षीदार बसवा. बल्बची एक वायर लहान फ्यूज घालून कॉइलच्या किल्लीकडून येणाऱ्या टोकाला जोडा, दुसरी अर्थला, आणि बल्ब डॅशबोर्डवर बांधून ठेवा. गाडीने आचका दिला त्या क्षणी बल्बही विझला तर बिघाड कॉइलच्या अलीकडे आहे: किल्लीचा स्विच, एखादा सांधा, किंवा जुन्या जीपच्या अँमीटरमागचे सैल नट. त्या अँमीटरमधून जवळजवळ सगळ्या गाडीचा करंट जातो, हे बरेच जण विसरतात. बल्ब ठणठणीत जळत राहिला तर पॉइंट, कंडेन्सर, कॉइल किंवा पेट्रोलकडे वळा. अर्ध्या तासाने गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू, असे होत असेल तर कॉइलवर पहिला संशय. आणि एक वही ठेवा: ऊन की पाऊस, खड्डा की वळण, लाइट चालू की बंद. चार नोंदींत मिस्त्रीला जे कळेल ते चार फेऱ्यांत कळणार नाही.

गाडी उभी कुठे असते, हेही बघा. गोठ्याला लागून ठेवलेल्या जीपच्या पितळी-तांब्याच्या टोकांवर हिरवा थर चढतो, कारण जनावरांच्या मुताचा अमोनिया तांबे खातो. पाठीमागे खताची पोती वाहिली की सांडलेले खत ओल धरते आणि चासीवरच्या सांध्यांत शिरते. उंदरांचे तर काय सांगावे! डॅशबोर्डखाली पेंढा सापडला की वायरींचे आवरण हाताने चाचपून बघाच.

एका गोष्टीबद्दल मात्र हात जोडून सांगणे आहे. फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो म्हणून सिगारेटची चांदी किंवा जाड तार घालू नका. फ्यूज उडतो तेव्हा तो कुठेतरी घासलेल्या वायरीचे गाऱ्हाणे सांगत असतो. त्याचे तोंड बंद केले की जळते ती वायर, आणि पेट्रोलची नळी तिथून हातभर अंतरावर असते.

आजोबांची जीप पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात असेल, तर २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पण सरपंच-ग्रामसेवक मंडळींनी विचारणाऱ्याला हेही सांगावे की तशी नोंदलेली गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. तिच्यातून रोजचा चारा आणि दुधाचे कॅन नेता येणार नाहीत.