पीएलसीची भाषा: मशीन घेण्यापूर्वी कारखानदाराने काय विचारावे?

कापडाच्या धंद्यातील माणसाला सुताचा भाव कळतो, रंगाचा कस कळतो. परंतु प्रोसेस हाऊसमधील जेट, स्टेंटर आणि सायझिंग ज्या पेटीच्या हुकमावर चालतात, त्या पीएलसीची भाषा पाहून मशीन घेण्याची रीत आपल्याकडे अजून रुळलेली नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील उद्योजक बांधवांसाठी हा विषय आम्ही येथे मांडत आहोत.

पूर्वी मशीनचे नियंत्रण रिलेंच्या पॅनलवर चाले. काम बदलले की वायरिंग बदलावे लागे. या कटकटीवर उपाय म्हणून १९६८-६९ च्या सुमारास अमेरिकेत डिक मॉर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मॉडिकॉन ०८४' हा कंट्रोलर तयार केला. वायरमनला समजावी म्हणून त्याची भाषा रिलेच्या नकाशासारखी ठेवली गेली. शिडीसारखी दिसणारी हीच ती लॅडर भाषा.

पुढे प्रत्येक कंपनीने आपापली बोली काढली. १९९३ साली आयईसी या जागतिक संस्थेने ११३१-३ हे मानक प्रसिद्ध केले. आज त्याचा क्रमांक ६११३१-३ आहे. त्यात पाच भाषा होत्या: लॅडर, फंक्शन ब्लॉक, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट, इन्स्ट्रक्शन लिस्ट आणि टप्प्यांची एसएफसी. २०२५ च्या आवृत्तीतून इन्स्ट्रक्शन लिस्ट वगळण्यात आली.

कोणती भाषा कशाला? मोटर चालू-बंद, दरवाजाचा स्विच अशा कामाला लॅडर उत्तम. रात्रपाळीचा वायरमनही ती वाचू शकतो. हिशेब आणि रेसिपीला स्ट्रक्चर्ड टेक्स्ट बरी. जेटमध्ये पॉलिएस्टर रंगवताना पाणी भरणे, तापमान ठरल्या वेगाने १३० अंशांवर नेणे, तेथे थांबणे, मग उतरवणे असे टप्पे असतात. त्यांना एसएफसी शोभते.

मानक एक असले तरी बोली एक झालेली नाही. सीमेन्स लॅडरसोबत एससीएल आणि एसटीएल देते. परंतु तिच्याच लहान एस७-१२०० मध्ये एसटीएल चालत नाही. अॅलन-ब्रॅडलीच्या लॉजिक्समध्ये चार भाषा आहेत, इन्स्ट्रक्शन लिस्ट नाही. पाच सेकंदांचा टायमर घ्या. सीमेन्समध्ये तो 'टी#५एस' असा लिहितात, लॉजिक्समध्ये ५००० आणि मित्सुबिशी एफएक्सच्या साध्या टायमरमध्ये 'के५०'. कारण लॉजिक्स मिलिसेकंद मोजतो, तर एफएक्सचा तो टायमर सेकंदाचा दहावा भाग. अर्थ एकच, लिपी तीन. म्हणून एका कंपनीचा प्रोग्राम दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलरमध्ये जसाच्या तसा चालत नाही.

याची किंमत व्यापाऱ्याला मोजावी लागते. एका प्रोसेस हाऊसमध्ये आमचा माल आठ दिवस अडकला होता. स्टेंटरचा पीएलसी जळाला होता. नवा बाजारात हजर होता, पण प्रोग्रामची प्रत मशीन विकणाऱ्याने दिलीच नव्हती. सणाचा हंगाम निघून गेला. नुकसान झाले ते मालकाचे, आमचे आणि पाळी बुडालेल्या कारागिरांचे.

म्हणून सौदा करताना चार गोष्टी लेखी मागाव्यात. पहिली, मूळ प्रोग्राम, नावे आणि टीपांसह. सीमेन्सच्या जुन्या एस७-३०० मधून प्रोग्राम परत काढला, तर या टीपा मिळत नाहीत. दुसरी, पासवर्ड. तिसरी, सॉफ्टवेअरचा खर्च. सीमेन्स आणि रॉकवेलचे परवाने विकत घ्यावे लागतात, तर डेल्टाचे आयएसपीसॉफ्ट मोफत मिळते. चौथी, त्या कंपनीची भाषा जाणणारा माणूस आपल्याच गावात किंवा जवळपास आहे काय? आमच्या मते हा चौथा प्रश्न सर्वांत मोलाचा. स्वस्त पीएलसी घेतला आणि दुरुस्तीला दुसऱ्या राज्यातून माणूस आणावा लागला, तर ती बचत कसली?

आयटीआय झालेल्या आपल्या मुलांनीही एका कंपनीच्या लॅडरवर थांबू नये. लॅडर पक्की करून स्ट्रक्चर्ड टेक्स्टचा हुन्नर शिकावा. ज्याला दोन बोली येतात, त्याला कोणत्याही कारखान्यात मान आहे. आणि मालकांनी प्रोग्रामची एक प्रत मशीनच्या बिलासोबत तिजोरीत ठेवावी. ती बिलापेक्षा कमी किमतीची नाही.