त्वचेचे दुखणे आणि मनाची भाषा

सोरायसिस, इसब, कोड यांसारखे त्वचाविकार वर्षानुवर्षे सोबत करतात. रुग्णाला विकाराबरोबरच लोकांच्या नजरांचेही ओझे वाहावे लागते. या दुसऱ्या ओझ्याकडे आपण आज लक्ष वेधू इच्छितो.

सोरायसिसचे उदाहरण घेऊ. निरोगी त्वचेच्या पेशी तयार होऊन झडून जाण्यास साधारणतः महिना लागतो. सोरायसिसमध्ये प्रतिकारसंस्थेतील बिघाडामुळे हे चक्र अवघ्या काही दिवसांत पूर्ण होते. पेशींचे थर साचून खवलेदार चट्टे उमटतात. हा विकार स्पर्शाने पसरत नाही. जागतिक आरोग्य सभेच्या २०१४ सालच्या ठरावातही तो असांसर्गिक असल्याचे नमूद आहे. तरीही हस्तांदोलन टाळले जाते, विवाहाची बोलणी मोडतात.

अशा अनुभवांनी मनावर ताण येतो, ताणाने विकार बळावू शकतो आणि बळावलेला विकार पुन्हा ताण वाढवितो. खाजेमुळे झोप उडाली, तर चिडचीड व नैराश्य यांची त्यात भर पडते.

मात्र मनात काय चालले आहे, हे सर्वांनाच ओळखता येते असे नाही. स्वतःच्या भावना ओळखणे व शब्दांत मांडणे कठीण जाण्याच्या या स्थितीला ‘अलेक्सिथायमिया’ म्हणतात. मनोविकारतज्ज्ञ पीटर सिफनिऑस यांनी १९७० च्या दशकात ही संज्ञा रूढ केली. मूळ ग्रीक शब्दांचा आशय आहे, ‘भावनांसाठी शब्द नसणे’. हा स्वतंत्र आजार नव्हे. परंतु सोरायसिसच्या रुग्णांत ही अडचण तुलनेने अधिक आढळते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. असा रुग्ण “खाज वाढली” एवढेच सांगतो. त्यामागील लाज, राग वा भीती त्याला स्वतःलाही उमगत नाही.

म्हणूनच “कसे आहात?” या प्रश्नाला मिळालेल्या “ठीक आहे” या उत्तरावर आपण थांबू नये. “आज कोणाला भेटायचे टाळले का? झोप लागली का?” असे नेमके प्रश्न विचारावेत. रुग्णाने चट्टे केव्हा वाढले व त्या दिवशी काय घडले, याची छोटी नोंद ठेवावी. ती त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी. औषधे स्वतःहून बंद करू नयेत.

उदासी हटत नसेल अथवा जगणे नकोसे वाटत असेल, तर विलंब न लावता मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. शासनाची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. मलम त्वचेला लागते. मनाला ऐकून घेणारे माणूस लागते. ते माणूस आपल्यापैकी कोणालाही होता येईल.