बंदुकीचे नऊ दिवस

अमेरिकेच्या उत्तर भागातील विस्कॉन्सिन राज्यात सप्टेंबरच्या मध्यास जो मनुष्य धनुष्य घेऊन अरण्यात शिरतो, त्याला पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करण्यास जानेवारीच्या आरंभापर्यंत, म्हणजे साडेतीन महिन्यांहून अधिक, मुदत असते; त्याच अरण्यात, त्याच जातीच्या हरणासाठी, त्याच सरकारी खात्याचा परवाना घेऊन येणाऱ्या रायफलवाल्याला मात्र नोव्हेंबरातील थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारपासून मोजून नऊ दिवस मिळतात; आणि हे नऊ दिवस सरताच ठासणीच्या बंदुकीला दहा दिवसांची वेगळी मुदत लागते. मरणाऱ्या हरणाला बाण आणि गोळी यांत भेद नाही. मग कायद्याने तो इतक्या काटेकोरपणे, दिवसांच्या हिशेबात, का मानावा?

या प्रश्नाकडे मी वळलो तो आपल्याच एका कायद्याच्या रद्द झालेल्या कलमांवरून. १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आज शिकारबंदीचा कायदा म्हणून सर्वपरिचित आहे; परंतु त्याच्या मूळ स्वरूपात परवान्याने शिकार करण्याची तरतूद होती, राज्य सरकारांना विशिष्ट प्राण्यांसाठी बंद काळ जाहीर करण्याचा अधिकार होता, आणि शिकार कशी करावी याविषयीचे निर्बंध बारकाईने नमूद केलेले होते. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी, कृत्रिम प्रकाशाच्या साह्याने किंवा मोटारीतून शिकार करण्यास मनाई होती. विशेष परवानगीवाचून माद्या, पिल्ले आणि ज्याच्या शिंगांवरची मखमल अद्याप उतरलेली नाही असे हरीण मारता येत नव्हते. आणि मोठी शिकार रायफलीनेच करावी, छऱ्याची बंदूक किंवा धनुष्यबाण वापरावयाचा असेल तर परवान्यात तसा स्पष्ट अधिकार दिलेला असावा, असा दंडक होता. १९९१ च्या दुरुस्तीने ही सारी कलमे वगळली गेली. त्यांच्याही मागे १९१२ चा वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा होता, ज्याने प्रांतिक सरकारांना हरणांसह अनेक प्राण्यांसाठी वर्षाचा काही भाग किंवा संपूर्ण वर्षही बंद काळ म्हणून ठरविण्याची मुखत्यारी दिली होती.

काळाची मर्यादा घालण्याची कल्पना इंग्रजांनी आणली असे मात्र कोणी समजू नये. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाली असता अशोकाने जो पाचवा स्तंभलेख कोरविला, त्यात अवध्य प्राण्यांची यादी तर आहेच, पण गाभण व दूध पाजणाऱ्या शेळ्यामेंढ्या, सहा महिन्यांच्या आतील पिल्ले आणि ठरावीक तिथींना मासे मारू नयेत, असेही फर्मान आहे. कौटिल्याने अभयवनातील मृगाची हत्या करणाऱ्याला दंड सांगितला आहे. प्राण्याच्या वयाचा, त्याच्या प्रसूतीचा आणि तिथीचा विचार आपल्याकडे इतका जुना आहे. हत्याराच्या शक्तीनुसार दिवस मोजून देण्याचा विचार मात्र विसाव्या शतकातील अमेरिकेनेच पूर्णत्वास नेला.

आपला कायदा आणि विस्कॉन्सिनचा नियम शेजारी ठेवून पाहिले म्हणजे एक विलक्षण विरोध दृष्टीस पडतो. आपल्या कायद्याचा विश्वास रायफलीवर होता, आणि धनुष्याला खास परवानगीची अट होती. ब्रिटनमध्ये तर हरणावर बाण चालविणे मुळातच बेकायदा आहे, आणि तेथील हंगाम हत्याराप्रमाणे नव्हे, तर हरणाची जात व नर-मादी पाहून ठरतात. अमेरिकेत याच्या उलट धनुष्याला मुक्त हस्ताने महिने दिले आहेत, आणि रायफलीला दिवस. दोन्ही नियमांच्या मुळाशी दयाच आहे, पण ती दोन निराळ्या ठिकाणी वळलेली आहे. एक दया समोर उभ्या असलेल्या एका हरणावर आहे: ते मरायचेच असेल तर तत्काळ मरावे, बरगडीत पाते घेऊन ओढ्याकाठी दोन दिवस झुरू नये. दुसरी दया कळपावर आहे: शंभर शिकारी रानात उतरले, तरी संध्याकाळी कळप शाबूत उरावा. शिकारीच्या हंगामाची लांबी हा या दोन दयांमधील तंटा आहे, आणि तो मिटविताना दोहींपैकी एकीला नजरेआड करणाऱ्या कोणत्याही खात्याविषयी मला आदर वाटत नाही.

कळपाच्या बाजूचा हिशेब साधा आहे. धनुर्धराचा भरवशाचा टप्पा पंचवीस मीटरांच्या आसपास धरावा, आणि दुर्बीण बसविलेल्या रायफलीचा दोनशे मीटर. अंतर आठपट झाले, परंतु शिकारी ज्या वर्तुळाच्या मध्यभागी बसला आहे त्याचे क्षेत्र चौसष्टपट झाले. दाट झाडीत दृष्टीच पोहोचत नसल्याने हे प्रमाण बरेच खाली येते हे खरे. तथापि धनुष्यवाल्याला वारा, पाचोळ्याचा आवाज, धनुष्य ओढतानाची हाताची हालचाल, या प्रत्येक गोष्टीत हरणाच्या नाकाकानांशी झुंजावे लागते, आणि पुष्कळांचे अख्खे महिने रिकाम्या हातांनी परतण्यात जातात. त्याला दिलेले दिवस पुष्कळ आहेत, कारण त्याच्या प्रत्येक दिवसाची मारकशक्ती अल्प आहे.

धनुष्याला स्वतंत्र हंगाम मिळाला तो मागून मिळाला. १९३० मध्ये विस्कॉन्सिनात धनुष्याने हरीण मारण्यास कायद्याने मुभा मिळाली, ती बंदुकीच्याच हंगामात. बंदुकीच्या गलक्यात, बिथरलेल्या हरणांच्या मागे बाण घेऊन फिरणे म्हणजे काय हे सांगावयास नको. १९३४ मध्ये तेथील कोलंबिया व सॉक या दोन परगण्यांत केवळ धनुर्धरांसाठी असा हंगाम प्रथम ठेवला गेला. वन्यप्राणी-व्यवस्थापनशास्त्राचा पाया घालणारे ऑल्डो लिओपोल्ड त्याच राज्यात, मॅडिसनच्या विद्यापीठात, अध्यापन करीत होते. ते स्वतः धनुष्ये घडवीत, त्याच धनुष्यांनी शिकार करीत, आणि त्यांच्या पत्नी एस्टेला यांनी तर धनुर्विद्येत राज्याचे महिला अजिंक्यपद मिळविले होते. ज्या गृहस्थाने १९३३ मध्ये ‘गेम मॅनेजमेंट’ हा ग्रंथ लिहून वन्यप्राण्यांची पैदास व उपज शेतीच्या पिकासारखी मोजण्याची पद्धत घालून दिली, त्याच गृहस्थाला लाकूड तासून धनुष्य करण्यात आनंद वाटावा, ही गोष्ट मला अतिशय अर्थपूर्ण वाटते.

याच लिओपोल्डना १९४३ च्या हंगामाने भोवऱ्यात ओढले. उत्तरेकडील जंगलांत हरणे इतकी वाढली होती की हिवाळ्यात ती बर्फात एकत्र कोंडून, पोहोचेल तेवढी साल आणि कोवळी डहाळी संपवून, उपासमारीने मरत होती. अनेक वर्षे फक्त नर मारण्याची चाल होती. ती मोडून राज्याच्या निसर्गसंवर्धन आयोगाने, ज्याचे लिओपोल्ड सदस्य होते, हंगामाचे दोन तुकडे पाडले: आधी चार दिवस शिंगवाल्या नरांसाठी, आणि मधे खंड देऊन चार दिवस बिनशिंगी हरणांसाठी. आठ दिवसांत सव्वा लाखाहून अधिक हरणे पडली. लोक इतके संतापले की ‘त्रेचाळीसचा गुन्हा’ हे नाव त्या हंगामाला कायमचे चिकटले, आणि लिओपोल्डना पुढे १९४८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या संतापाची झळ सोसावी लागली.

त्या प्रसंगातून जे शिकावयाचे ते असे की दिवसांची संख्या ही एकटी काहीच सांगत नाही. एक नर अनेक माद्यांना फळवतो, म्हणून पाच-दहा नर कमी झाले तरी पुढच्या वर्षीच्या पाडसांची संख्या फारशी हलत नाही. मादी पडली की तिची पुढची सारी वीण तिच्याबरोबर जाते. तेव्हा चार दिवस कोणासाठी, हा प्रश्न किती दिवस, या प्रश्नापेक्षा कितीतरी भारी ठरतो. शिवाय दिवस समान वजनाचेही नसतात. विस्कॉन्सिनच्या नऊ दिवसांत जेवढी हरणे पडतात त्यांपैकी जवळजवळ निम्मी पहिल्या शनिवार-रविवारीच पडतात. त्यानंतर शिकारी थकतात, कामावर परततात, आणि उरलेली हरणे शहाणी होऊन दिवसा झाडी सोडीनाशी होतात. नऊ दिवसांचे अठरा केल्याने शिकार दुप्पट होईल हा समज म्हणूनच चुकीचा आहे, आणि नऊचे सहा केल्याने कळप वाचेल हा समजही तितकाच.

हरणाचे स्वतःचे पंचांग या सर्वांच्या आधी येते. उत्तरेकडील राज्यांत नोव्हेंबरच्या मध्यास नर माजावर येतात. सुमारे दोनशे दिवसांच्या गर्भधारणेनंतर मे अखेर ते जून या काळात, गवत कोवळे असताना, पाडसे जन्मतात. उन्हाळाभर नरांच्या शिंगांवर मखमल असते आणि सप्टेंबरच्या सुमारास ती घासली जाते. माजाच्या दिवसांत एरवी सावलीलाही बुजणारा वडीलधारा नर भान विसरून भर दिवसा उघड्या माळावर मादीमागे धावतो. मिशिगनचा बंदुकीचा हंगाम वार कोणताही असो, १५ ते ३० नोव्हेंबर असा, नेमका या वेडाच्या काळावर येतो. आयोवाने तो डिसेंबरात ढकलला आहे, एक तुकडा पाच दिवसांचा आणि दुसरा नऊ दिवसांचा, आणि माजाचा काळ बहुतांशी धनुष्याकडे सोपविला आहे. आयोवाच्या थोराड शिंगांच्या नरांची जी ख्याती आहे, तिच्या कारणांत हे एक कारण निश्चित आहे. माझे मत विचाराल तर आयोवाचा न्याय मला पटतो: प्राणी ज्या वेळी सर्वांत असावध, त्या वेळी सर्वांत दुबळे हत्यार.

आयोवा आणि शेजारचे इलिनॉय यांनी आणखी एक मार्ग दीर्घकाळ वापरला. सपाट शेतजमिनीत रायफलीची चुकलेली गोळी मैलभर जाऊन कोणाच्या अंगणात पडेल याचा नेम नसल्याने त्यांनी बंदूकवाल्यांना छऱ्याच्या बंदुकीत एकसंध शिशाची गोळी घालण्यास सांगितले, म्हणजे हत्याराचा पल्लाच तोडला. इलिनॉयमध्ये बंदुकीला दोन आठवड्यांअखेर मिळून तीन अधिक चार, असे सातच दिवस असतात, तर धनुष्य ऑक्टोबरच्या आरंभापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत चालते. दक्षिणेत चित्र पालटते. टेक्ससात नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन खाजगी आहे, माणशी हरणांची मर्यादा आहे, आणि बंदुकीला सुमारे दोन महिने आहेत. दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्याकडील भागात तर बंदुकीचा हंगाम १५ ऑगस्टला उघडतो तो १ जानेवारीपर्यंत. तेथे लगाम दिवसांच्या हाती दिलेलाच नाही.

आता या व्यवस्थेतील खरी अडचण. कायदा हत्याराचे नाव लिहितो, आणि हत्यार नावाआड राहून बदलत जाते. पेनसिल्व्हेनियाने १९७४ मध्ये गारगोटीच्या चापाच्या ठासणीच्या बंदुकीसाठी तीन दिवसांचा हंगाम दिला, तेव्हा त्यामागचे चित्र स्पष्ट होते: नळीत दारू ओतावी, चिंधीत गुंडाळलेली गोळी गजाने ठासावी, कान्यावर रंजक भरावी, माशीवरून नेम धरावा, आणि पावसाने रंजक भिजली तर हरणाला जाऊ द्यावे. ज्याला एकच वार मिळतो तो माणूस जवळ जातो आणि थांबतो. परंतु १९८५ मध्ये टोनी नाइट यांनी जिची कळ नळीच्या सरळ रेषेत मागे बसते अशी नवी ठासणीची बंदूक बाजारात आणली, आणि दुर्बीण व नव्या दारूच्या साह्याने तिच्या वंशजांचा टप्पा दीडशे मीटरांपलीकडे गेला. नाव ठासणीचे, काम जवळजवळ रायफलीचे. पेनसिल्व्हेनियाने नाताळनंतरच्या हंगामात गारगोटीची अट सोडली नाही, कोलोरॅडोने ठासणीच्या हंगामात दुर्बीण वर्ज्य ठेवली. या दोन राज्यांना प्रश्न नीट समजला होता असे मी म्हणेन.

धनुष्याचेही तेच झाले. मिसूरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये कप्प्या बसविलेल्या धनुष्याचे पेटंट मिळाले. पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार हलका होत असल्याने नेम स्थिर धरता येतो, आणि जे वर्षानुवर्षांच्या तालमीने साधे ते काही महिन्यांत साधू लागले. पाठोपाठ क्रॉसबो आला, म्हणजे दस्त्यावर आडवे बसविलेले, चढवून ठेवता येणारे, दुर्बिणीतून पाहून घोडा ओढून सोडावयाचे धनुष्य. विस्कॉन्सिनात पूर्वी तो अपंग व वृद्ध शिकाऱ्यांपुरता होता, आणि तेथे त्याचे औचित्य निर्विवाद आहे. २०१४ पासून तो सर्वांना खुला झाला, मुदत मात्र धनुष्याएवढीच मिळाली, आणि काही वर्षांतच क्रॉसबोने मारलेल्या हरणांची संख्या हाताने ओढावयाच्या धनुष्याच्या पुढे गेली. साडेतीन महिन्यांची देणगी ज्या श्रमाच्या मोबदल्यात दिली होती, तो श्रम गेला आणि देणगी राहिली.

या गोष्टीला पैशाचीही बाजू आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व दारूगोळ्यावरील कराचा पैसा वन्यप्राण्यांच्या संवर्धनासाठी राज्यांकडे वळविला, आणि १९७२ मध्ये, ज्या वर्षी आपला अधिनियम झाला त्याच वर्षी, अमेरिकेने धनुष्यबाणही या कराखाली आणले. हत्यारे जितकी विकली जातील तितकी रानाला मदत होते, ही व्यवस्था उपकारक ठरली आहे. पण त्यामुळे नव्या हत्याराला नवा हंगाम देण्याचा मोहही खात्यांना पडतो, आणि मुदती वाढविणे जितके सोपे तितके त्या आखडणे अवघड असते, कारण एकदा मिळालेला दिवस लोकांना वतनासारखा वाटू लागतो. दिवस नावावर न देता टप्प्यावर द्यावेत, आणि टप्पा वाढला की दिवस परत घ्यावेत, एवढे धैर्य खात्यांनी दाखवावे असे मला वाटते. जखमी होऊन निसटलेल्या हरणांचा अंकही पडलेल्या हरणांच्या अंकाशेजारी दरवर्षी लिहिला जावा.

जानेवारीच्या लांबलेल्या हंगामांत या साऱ्याची एक विदारक बाजू दिसते. डिसेंबरच्या अखेरीपासून नर आपली शिंगे गाळू लागतात. बर्फात उभ्या असलेल्या, गळलेल्या शिंगांच्या जागी दोन वण उरलेल्या त्या नरात आणि मादीत तिन्हीसांजेच्या उजेडात, पन्नास पावलांवरूनही, फरक करणे जवळजवळ अशक्य असते. शिकाऱ्याच्या खिशात बिनशिंगी हरणाची चिठ्ठी असते, तो नियमाप्रमाणेच घोडा ओढतो, आणि जवळ जाऊन कपाळावर हात फिरवतो तेव्हा त्याला ते दोन खडबडीत वण लागतात.